चार हजार दफनं आणि जेवणाच्या टेबलावरची एक प्रार्थना

आजचा भाग एका चुकीपासून सुरू करतो. चूक माझीच आहे.

आमच्या चर्चमधल्या तरुण संघाची शुक्रवारची प्रार्थनासभा दीड वर्षापासून मी चालवतो. दिवसभर कोड लिहायचा, संध्याकाळी लॅपटॉप मिटून तिकडे पळायचं. सभेचा क्रम ठरलेला असतो, आधी उपकारस्तुती, मग विनंत्या. मार्चमधल्या एका शुक्रवारी मी सवयीने म्हणालो, "चला, प्रत्येकाने या आठवड्यातल्या एका गोष्टीसाठी प्रभूचे आभार मानू या." समोर बसलेल्या एका मुलाचे वडील आठच दिवसांपूर्वी गेले होते. मला ते माहीत होतं, दफनविधीला मी स्वतः हजर होतो. त्याची पाळी आली तेव्हा तो काहीच बोलला नाही. उठला आणि बाहेर गेला. चपला घातल्याचा आवाज तेवढा आला.

त्याच रात्री ग्रुपवर कुणीतरी एक फॉरवर्ड टाकला. जर्मनीतल्या एका पाळकाने म्हणे प्लेगमध्ये स्वतःच्या बायकोला पुरलं आणि त्याच दुःखात बसून उपकारस्तुतीचं जगप्रसिद्ध गीत लिहिलं. शेवटी ठेवणीतलं वाक्य होतंच, की आणि आपण मात्र तक्रारी करतो. मला तो वाचून राग आला. त्या मुलाला हे कोणत्या तोंडाने वाचायला सांगायचं? म्हणून रात्री दोनपर्यंत शोधत बसलो. आजचा भाग त्यातूनच आलाय.

त्या पाळकाचं नाव मार्टिन रिंकार्ट. जन्म १५८६, गाव आयलेनबर्ग, सॅक्सनीत, लाइपझिगच्या जवळच. वडील लाकडी पिंपं बनवायचे. पोराचा गळा गोड होता, त्यामुळे लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेत गायक म्हणून त्याची सोय झाली, आणि पुढे तो तिथल्याच विद्यापीठात धर्मशास्त्र शिकला. (हीच ती शाळा जिथे शंभरेक वर्षांनी बाख संगीत शिकवायला आला.) १६१७ मध्ये रिंकार्ट आपल्याच गावी आर्चडीकन म्हणून परतला. पुढच्याच वर्षी तीस वर्षांचं युद्ध पेटलं. म्हणजे या माणसाची गावातली जवळजवळ सगळी सेवा युद्धातच गेली.

आयलेनबर्गला तटबंदी होती, म्हणून आजूबाजूच्या खेड्यांतले लोक जीव वाचवायला आत यायचे. गर्दी वाढली आणि १६३७ मध्ये प्लेग आला. गावात चार पाळक होते. एक पळून गेला, तो परतलाच नाही. दोघे वारले आणि त्यांचं दफन रिंकार्टने केलं. उरला तो एकटा. रोज चाळीस-पन्नास दफनं. एकूण ४,४८० माणसांचा अंत्यविधी त्याने केला असं सांगितलं जातं. मे महिन्यात त्याची बायको गेली. वर्षाच्या शेवटी शेवटी प्रेतं चरात घालून बुजवायची वेळ आली, विधी वगैरे काही नाही. त्यामागून दुष्काळ. मेलेल्या मांजरासाठी रस्त्यात मारामाऱ्या झाल्याच्या आठवणी आहेत. रिंकार्टने घरातलं होतं नव्हतं ते वाटलं आणि मग स्वतःच्या पोराबाळांसाठी पुढच्या काही वर्षांचं उत्पन्न गहाण टाकलं.

आता गीताकडे येऊ. त्याचं नाव 'नुन डांकेट आले गॉट'. ते रिंकार्टच्या ज्या पुस्तकातलं मानतात, ते पहिल्यांदा छापलं १६३६ मध्ये. प्लेगच्या आदल्या वर्षी! त्या आवृत्तीची एकही प्रत आज उरलेली नाही. पण १६६३ च्या आवृत्तीत हे गीत आहे, आणि त्यावरचं शीर्षक आहे जेवणाच्या टेबलावरची छोटी प्रार्थना. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. महान गीत वगैरे सोडा, हे तर जेवणाच्या वेळी म्हणायचं होतं.

ल्यूथरच्या लहान प्रश्नोत्तरावलीतच जेवणाआधीची आणि जेवणानंतरची प्रार्थना दिलेली आहे, त्यामुळे त्या घरांत ही रोजची सवय. रिंकार्टने शब्द घेतले सिराखच्या पन्नासाव्या अध्यायातून. (आपल्या प्रॉटेस्टंट बायबलमध्ये शोधू नका, सापडणार नाही.) पहिल्या कडव्यात आभार आहेत, दुसऱ्यात मागणं आहे. आनंदी मन दे, शांती दे, संकटातून सोडव. पोट भरलेला निवांत माणूस असं मागत नाही. युद्ध सुरू होऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती.

म्हणजे फॉरवर्ड उलटा आहे. बायको गेली म्हणून त्याने आभार मानले नाहीत. ती टेबलाशी बसलेली असताना तो आभार मानायचा, आणि ती गेल्यावर तीच प्रार्थना घरात शिल्लक राहिली. त्या मे महिन्यात त्याने ती कशी म्हटली असेल, म्हटली तरी असेल का, यावर मी कितीतरी वेळ विचार करत होतो.

आणखी एक प्रसंग. १६३९ मध्ये स्वीडिश सैन्याने गावाकडे ३०,००० थालर मागितले. रिंकार्ट छावणीत जाऊन विनवण्या करून आला, उपयोग झाला नाही. मग असं सांगतात की माणसं आपलं ऐकत नाहीत तर देवाकडे जाऊ म्हणत त्याने लोकांसोबत तिथेच गुडघे टेकले. अधिकारी विरघळला आणि रक्कम २,००० गुल्डनवर आली. या गोष्टीत उपकारस्तुती कुठेच नाही. सरळ धावा आहे. पुढारी म्हणून त्या दिवशी त्याने लोकांकडून आभार वदवून घेतले नाहीत, हे मला फार मोठं वाटतं.

पुढे योहान क्र्युगरने या गीताला चाल दिली आणि ते सगळीकडे गेलं. १७५७ मध्ये लॉयटनची लढाई जिंकल्यावर प्रशियाच्या सैनिकांनी रणांगणावर ते गायलं अशी ख्याती आहे. हजारो प्रेतांच्या शेजारी, जिंकलेल्यांनी. माझ्या मते तिथपासूनच ते घरातलं उरलं नाही.

रिंकार्टला शांतता जेमतेम वर्षभर मिळाली. तह ऑक्टोबर १६४८ चा आणि तो गेला ८ डिसेंबर १६४९ ला.

आमच्या सभेचा क्रम मी बदललाय. आता आधी विनंत्या, आणि ज्याला रडायचंय त्याने रडावं. आभार शेवटी, चहाआधी, मी एकटाच मानतो, दोन वाक्यांत. तो मुलगा अजून आलेला नाही. फोन केला तर "दादा, बघतो" म्हणाला. रविवारी उपासनेनंतर मी त्याच्या घरी जाणार आहे. त्याच्या आईने जेवायलाच ये म्हणून सांगितलंय. ताटावर प्रार्थना करायला मला सांगतील, ते नक्की. काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही.