फाटलेला पर की वाकडा जन्म? माशांच्या बियाण्याची गोष्ट

पोटापाण्यासाठी मी कोड लिहितो, पण जीव रमतो तलावांच्या इतिहासात. भंडाऱ्याचा आहे, त्याला इलाज नाही.

घरच्या टाकीत क्लाउनफिशची पिल्लं काढणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो: या पिल्लाचा पर फाटलाय, की ते जन्मतःच असं आहे? फाटलेला पर म्हणजे भांडण, गर्दी किंवा खराब पाणी. मुळाला धक्का नसेल, तर चांगल्या पाण्यात तो बहुतेक वेळा पुन्हा वाढतो. पण कल्ल्याचं झाकण तोकडं, जबडा वाकडा, कणा मुरडलेला, हे सहसा सुधरत नाही. पहिल्या दिवसांतला निकस आहार, चुकीचं तापमान, नाहीतर जवळच्या नात्यातले आईबाप, अशी त्याची कारणं असतात.

आता म्हणाल, समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, आपला काय संबंध? संबंध आहे.

आपल्याकडचे जुने तलाव कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधले. पुढे ते मालगुजारांकडे आले, आणि मालगुजारी गेल्यावर 'माजी मालगुजारी', म्हणजे मामा तलाव झाले. त्यात मरळसारखे गावचे मासे आपले आपण वाढायचे. रोहू, कटला, मृगळ यांचं तसं नाही. साठलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत, त्यांना पुराची वाहती नदी लागते. म्हणून त्यांचं बीज नदीतून गोळा करायचे, आणि बंगालमधून ते रेल्वेने लांब लांब जायचं.

मग आली 10 जुलै 1957. हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी ओडिशात माशांना पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन दिलं आणि नदीशिवाय अंडी मिळाली. आज 10 जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस असतो, तो याचमुळे.

पण सोय आली की आळस येतो. एक मोठी मादी लाखांनी अंडी देते, मग जास्त आईबाप पाळायचे कशाला? त्यांचीच पिल्लं पुढचे आईबाप. म्हणजे बहीणभावांची लग्नं! एकनाथ आणि डॉयल यांनी 1990 साली कर्नाटकातल्या हॅचऱ्यांचा अभ्यास छापला. तिथे अंतःप्रजननाचा वेग वर्षाला 2 ते 17 टक्के निघाला. अशाने वाढ मंदावते, मर वाढते, वाकडी पिल्लं जास्त निघतात.

क्लाउनफिशचंही तेच. 1970 च्या दशकात फ्लोरिडात मार्टिन मो यांनी त्यांची व्यापारी पैदास सुरू केली. पुढे वेगळ्या पट्ट्यांच्या माशांना भारी नावं आणि भारी किंमत मिळू लागली. वेगळा पट्टा हा काही आजार नाही, पण तो टिकवायला नात्यातच जोड्या लावल्या की लपलेले दोष वर येतात.

टाकीतलं पिल्लू बिघडलं तर शौक बिघडतो. पण आपल्या ढिवर बांधवांच्या सोसायटीने टाकलेलं बीज खराब निघालं, तर घराचं वर्ष बुडतं. म्हणून बोटुकली घेताना मूठभर पाण्यात धरून बघा: दोन्ही बाजूंची कल्ल्याची झाकणं पूर्ण आहेत का, कणा सरळ आहे का. आणि हॅचरीवाल्याला बिनधास्त विचारा, "दादा, यांचे आईबाप कुठून आणले?"

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!