दुअंमल : वऱ्हाडातला आणि यंत्रातला

एकाच गावावर दोन सत्तांनी अंमल चालवावा, ही गोष्ट वऱ्हाडास नवी नाही. रिसोड ज्या मुलखात मोडते तो अठराव्या शतकात निजामाचा म्हणविला जाई. पण त्याच्या वसुलात नागपूरकर भोसल्यांचाही हिस्सा असे. ह्यालाच दुअंमल म्हणत. दोन्हीकडची माणसे त्याच रयतेपाशी हात पसरीत, आणि त्यांच्यात तंटा पडला तर निवाडा करणारा तिसरा कोणी नसे. १८०३ च्या डिसेंबरात देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, तेव्हा हा प्रकार संपला.

पुढे १८५३ साली निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला. त्याची तऱ्हा अगदी निराळी. नाव निजामाचे, किल्ल्या इंग्रजांच्या! १९०२ साली वार्षिक २५ लाख रुपयांवर हा पट्टा कायमचा झाला. १९३६ मध्ये निजामाच्या वारसास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवीही मिळाली. किल्ल्या मात्र होत्या तेथेच राहिल्या.

हे दोन दाखले ध्यानात ठेवले, तर संगणकातील एक कोडे सहज उलगडते. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राची राज्यकर्ती. स्मृती कोणाला किती, प्रक्रियकाचा वेळ कोणाला केव्हा, हे तीच ठरविते. मग एका यंत्रात अशा दोघी एकाच वेळी कशा नांदणार? भोसले-निजामांच्या पद्धतीने नांदणार नाहीत, हे उघड आहे. १८५३ ची तऱ्हा मात्र येथे लागू पडते. पाहुणीला वाटावे की राज्य आपले. किल्ल्या यजमानाकडे असाव्या.

ही युक्ति प्रथम आयबीएमच्या केंब्रिज येथील संशोधन केंद्रात सिद्ध झाली. रॉबर्ट क्रीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये ‘सीपी-४०’ चे काम हाती घेतले. यंत्र एकच; पण त्यात चौदापर्यंत आभासी यंत्रे चालत आणि प्रत्येकाला ते आपल्या एकट्याचेच वाटे. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग ह्यांनी अशा व्यवस्थेच्या तीन अटी मांडल्या : पाहुण्या प्रणालीला फरक जाणवू नये, काम फारसे मंदावू नये, आणि साधनांवरचा ताबा यजमानाच्या हातून सुटू नये.

संपूर्ण आभासी यंत्र उभारणे मात्र खर्चाचे काम. प्रत्येक पाहुण्याला वेगळा वाडा बांधून देण्यासारखेच ते. म्हणून हलका मार्ग निघाला. वाडा एकच, खोल्या निरनिराळ्या. २००० साली फ्रीबीएसडीत ‘जेल’ आली, २००८ मध्ये लिनक्सवर एलएक्ससी, आणि २०१३ मध्ये डॉकर. ह्या खोल्यांत राहणाऱ्यांचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सामाईक असतो. त्यामुळे खोली क्षणात उघडते. पण भिंत पातळ राहते. २०१९ च्या फेब्रुवारीत ‘रनसी’ ह्या साधनात दोष सापडला. त्याच्या वाटेने खोलीतला दुष्ट पाहुणा साऱ्या वाड्याचा धनी होऊ शकत होता.

विंडोजमध्ये लिनक्स चालविण्याच्या खटपटीत हाच धडा पुन्हा मिळाला. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने जी सोय दिली ती दुभाष्याची होती. लिनक्सची प्रत्येक मागणी विंडोजच्या भाषेत उलथायची. पण दुभाष्याला सगळेच शब्द कोठून येणार? कित्येक कामे अडत. तेव्हा २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत पाहुणीला तिचा स्वतःचा खरा कर्नल दिला, आणि तो एका हलक्या आभासी यंत्रात बसविला. वाडा वेगळा, पण लहान आणि झटपट उभा राहणारा.

ह्याचे मोल मोठ्या कंपन्यांपेक्षा ज्या घरात एकच संगणक आहे त्या घरास अधिक. रिसोडसारख्या गावातील विद्यार्थ्याला लिनक्स शिकायचे, तर पूर्वी तबकडीचे भाग पाडावे लागत. हात चुकला की घरचे हिशेब आणि छायाचित्रे गेलीच. आता दोन्ही प्रणाली एकत्र चालतात. तथापि, पाहुणीला घरच्या फायली सहसा उघड्याच असतात, हे त्याने विसरू नये. तिच्यात दिलेली एक चुकीची आज्ञा त्या पुसून टाकू शकते. दुअंमलात रयतेला कोणी विचारले नव्हते. येथे कोणती किल्ली कोणाला द्यावयाची, हे ज्याचा संगणक त्यानेच आधी ठरवावे.