संबळ, तुणतुणे, झांज : मराठवाड्यातील गोंधळाची रात्र

नांदेड जिल्ह्यातील माहूर आणि पूर्वी लातूर ज्या जिल्ह्यात होते त्या धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर, या दोन पीठांभोवती मराठवाड्यातील गोंधळाची परंपरा वाढली. लातूर जिल्हा 1982 साली वेगळा झाला, तरी तेथील असंख्य घरांचा कुळाचार तुळजाभवानीशी बांधलेला राहिला. गोंधळ्यांच्या दोन शाखाही या पीठांवरूनच ओळखल्या जातात. रेणुराई गोंधळी माहूरच्या रेणुकेचे उपासक, तर कदमराई तुळजाभवानीचे. लग्न, जावळ किंवा नवस फेडण्याच्या निमित्ताने यजमानाच्या अंगणात रात्रभर चालणारे हे विधिनाट्य आहे. तीन-चार माणसे आणि मोजकी वाद्ये एवढ्या बळावर ते पहाटेपर्यंत रंगते.

गोंधळाच्या उगमाची कथा माहूरशीच जोडलेली आहे. परशुरामाने बेटासुर दैत्याला मारले, त्याच्या शिरापासून आणि तंतूंपासून वाद्य तयार केले व ते वाजवत माता रेणुकेला वंदन केले, असे परंपरा सांगते. कथेपलीकडचे दुवे मध्ययुगात सापडतात. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने 12व्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘गोंडली’ नावाचे नृत्य येते. ही कल्याणी म्हणजे लातूरला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. पुढच्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातही या नृत्याचा विचार आहे. रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकांनी या नृत्याचा गोंधळाशी संबंध जोडला. पैठणच्या एकनाथांनी 16व्या शतकात गोंधळाचे रूपक घेऊन रचना केल्या. ते रूपक ऐकणाऱ्याला लगेच कळावे इतका हा विधी त्या काळी घरोघरी परिचयाचा होता.

गोंधळाची सुरुवात ठरलेली असते. पाटावर नवे वस्त्र अंथरून धान्याची रास घालतात, त्यावर कलश, विड्याची पाने, नारळ आणि देवीचा टाक मांडतात. दिवटी पेटते. पायघोळ झगा, गळ्यात कवड्यांची माळ आणि पायांत चाळ अशा वेशातला नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, गण म्हणतो, मग गावोगावच्या देवदेवतांना नावे घेऊन गोंधळाला बोलावतो. हा पूर्वरंग सहसा बदलत नाही. उत्तररंगात आख्यान सुरू झाले की मात्र गायक-वादकांच्या कल्पकतेला मोकळे रान मिळते.

आख्यानाची कथा सर्वांना ठाऊक असते : हरिश्चंद्र, चिलया बाळ, अंबऋषी किंवा जांभूळ आख्यान. जांभूळ आख्यानात पाच पतींची पत्नी असलेल्या द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी अभिलाषा जागते आणि कृष्ण तिच्याकडून ती वदवून घेतो. कथेचे टप्पे पक्के असले तरी शब्द पक्के नसतात. लिखित संहिता नसलेली ही विद्या बापाकडून मुलाकडे कानांनीच आली. कुठला प्रसंग लांबवायचा, कुठे गाणे सोडून गद्यात उतरायचे, यजमानाच्या कुळाचे वर्णन कोणत्या जागी गुंफायचे, हे नाईक समोरची बैठक पाहून ठरवतो. साथीदार मध्येच भाबडा प्रश्न विचारतो आणि कथा अनपेक्षित वळण घेते. तो प्रश्न आधी ठरलेला असेलच असे नाही.

वाद्यांची कामे वाटलेली असतात. संबळ म्हणजे कमरेला बांधलेली जोडवाद्ये. एक खर्जाचे, दुसरे उंच स्वराचे. ती काठ्यांनी वाजवतात आणि त्यांतल्या एका काठीचे टोक वाकडे असते. तुणतुण्याची एकच तार स्वर धरून ठेवते आणि लयही देते. झांज ठेका बांधते. नाईक थबकला की संबळवादक ती जागा भरतो, त्याने लय चढवली की नाईकाचे शब्द आखूड होतात. अमेरिकेतील जॅझमध्ये पियानो, बास आणि ड्रम यांचे त्रिकूट ओळखीची चाल घेते आणि एकमेकांचे ऐकत ती जागच्या जागी नव्याने घडवते. दोन्हींचा उगम आणि हेतू अगदी वेगळे आहेत, परंतु ऐकण्याची ही शिस्त सारखीच आहे, आणि गोंधळाची थोरवी तिच्यातच आहे.

या शिस्तीचे टोक ‘करपल्लवी’त दिसते. एक गोंधळी बैठकीतल्या कुणाचे नाव कानात ऐकून घेतो, बोटांच्या खुणांनी दूर उभ्या साथीदाराला कळवतो आणि तो ते नाव बोलून दाखवतो. श्रोत्यांना हा चमत्कार वाटतो. प्रत्यक्षात ती वर्षानुवर्षे घोटलेली सांकेतिक भाषा असते.

विधीबाहेरही गोंधळ्यांनी आपली कला नेली. शिवकाळापासूनचे पोवाडे त्यांनी तोंडपाठ जपले. हॅरी अॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी 1891 साली पोवाड्यांचा संग्रह छापला, तोवर या रचनांचे मुख्य घर अशा गायकांची स्मृती हेच होते. शेजारची जागरणाची परंपराही याच घडणीची आहे. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते. खंडोबाच्या जागरणात वाघ्या-मुरळी दिमडी, तुणतुणे आणि घोळ घेऊन रात्र जागवतात.

20व्या शतकात परभणीचे राजारामबापू कदम यांनी गोंधळ अंगणातून रंगमंचावर नेला. ‘गोंधळमहर्षी’ म्हणून ते ओळखले गेले. विठ्ठल उमप यांनी जांभूळ आख्यान नाट्यरूपात गाजवले. नव्या श्रोत्यांपर्यंत कला पोचली ती यांच्यामुळे. मात्र रंगमंचाला वेळेची मर्यादा असते, आणि लग्नाच्या कार्यालयातही गोंधळ आता बहुधा तास-दोन तासांत आटोपतो. पूर्वरंग विधी म्हणून टिकतो. कात्री लागते ती आख्यानाला, म्हणजे नेमकी जिथे नाईक आणि संबळवादक यांना मोकळीक होती त्या भागाला. महाराष्ट्रात गोंधळी समाजाची नोंद भटक्या जमातींत आहे. नव्या पिढीतील अनेकजण शिक्षण आणि इतर व्यवसायांकडे वळले आहेत. तरी माहूर-तुळजापूरच्या परिसरात कुळाचाराचा गोंधळ आजही घातला जातो.