बुऱ्हाण निजामशाहाचा हिरा कोणत्या कोडमध्ये बसेल?

परवा पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनियरनं विचारलं, "ताई, वर्गीकरण हा काय संशोधनाचा विषय झाला? ते तर कारकुनी काम." तिला मी आपल्या नगरचाच एक हिरा सांगितला. तुम्हालाही सांगते.

मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये 'शाह' नावाचा हिरा आहे. वजन ८८.७ कॅरेट, लांबट आकार, पिवळसर झाक. त्यावर तीन लेख कोरलेले आहेत. सगळ्यात जुना लेख अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाचा, हिजरी १०००, म्हणजे इ.स. १५९१-९२ चा. दुसरा शहाजहानचा, १६४१ चा. तिसरा इराणच्या फतह अली शाहचा. १८२९ मध्ये तेहरानला रशियाचा राजदूत ग्रिबोयेदोव मारला गेला. प्रकरण मिटवायला इराणनं हा हिरा रशियाच्या झारला दिला.

आता समजा, हा हिरा आज मुंबईच्या कस्टम्ससमोर आला. दागिन्यात न बसवलेला, सुटा. कागदावर कोणता कोड लिहायचा?

माझं पहिलं उत्तर होतं, पुराणवस्तू. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी ९७०६ हे शीर्षक आहे. उत्तर चुकलं. टॅरिफच्या ९७ व्या प्रकरणाच्या सुरुवातीच्या टिपेतच लिहिलंय की ७१०१ ते ७१०३ मधले मोती आणि रत्नं इथे घ्यायची नाहीत. म्हणजे चारशे वर्षांचा इतिहास असला तरी सुटा नैसर्गिक हिरा ७१०२ मध्येच जाणार.

पुढचा प्रश्न, त्यावर काम किती झालंय? औद्योगिक वापराचा नसलेला हिरा कच्चा असेल, किंवा नुसता कापलेला, फोडलेला, घासून ढोबळ आकार दिलेला असेल, तर ७१०२३१. पॉलिश, छिद्र, कोरीवकाम असं पुढचं काम झालं असेल तर ७१०२३९. आपल्या हिऱ्याचे पैलू घासलेले आहेत आणि वर अक्षरं कोरलेली आहेत, म्हणून तो ७१०२३९. गंमत बघा. अक्षरं कोरली आहेत हे कोडला दिसतं, ती निजामशाहाची आहेत हे दिसत नाही.

हा मूर्खपणा नाही, त्यामागे कारण आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बऱ्याच मालावर शुल्काचे ठरावीक हिस्से दिलेत, पण हिरे, मणी, मोती, पोवळी यांचं शुल्क त्यातल्या जाणकारांकडून ठरवून घ्यायला सांगितलंय. जाणकार बदलला की निर्णय बदलू शकतो. आजच्या व्यापाराला मुंबई, अँटवर्प, हाँगकाँग सगळीकडे एकच उत्तर हवं असतं. त्यासाठी १९८३ मध्ये ब्रुसेल्सला एचएस करार झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून लागू झाला. भारतानं आपलं टॅरिफ १९८६ मध्येच त्या धर्तीवर आणलं होतं. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे दोन आपले.

आता माझी फजिती. मी लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा आलेख काढला होता. कोड ७१०४९१, म्हणजे पैलू पाडलेले कृत्रिम हिरे. २०२१ पर्यंत शून्य, २०२२ पासून एकदम उंच उडी! मी खाली ठोकून दिलं, "२०२२ पूर्वी हा व्यापार नगण्य होता." सरांनी आलेख पाहून एवढंच विचारलं, "मग त्याआधी हे हिरे कुठे होते?"

होते, ७१०४९० मध्ये. ७१०४९१ हा कोडच मुळी १ जानेवारी २०२२ ला जन्मला. त्याआधी सहा आकडी पातळीवर लॅबचा पैलू पाडलेला हिरा आणि अमेरिकन डायमंड, म्हणजे क्युबिक झिरकोनिया, एकाच खान्यात होते. मी एमएस्सी सायन्सची, मला हे पटेचना. खाणीतला हिरा आणि लॅबचा हिरा दोन्ही कार्बनच, रचना तीच, काठिण्य तेच, तरी दोघांची शीर्षकं वेगळी. झिरकोनिया हे तर झिर्कोनियमचं ऑक्साइड, तरी लॅबच्या हिऱ्याशेजारी! नंतर लक्षात आलं की ७१०४ हे शीर्षक पदार्थ कोणता असं विचारतच नाही. जमिनीतून आला की माणसानं बनवला, एवढंच विचारतं. आणि हा फरक नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, त्यासाठी उपकरणं लागतात. म्हणून चुकीचा कोड लावून माल नेण्याचा धोकाही नेमका इथेच असतो.

त्या एका वाक्यामुळे माझं अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. तेव्हापासून कुठलाही डेटा हातात आला की आधी तीन गोष्टी वहीत लिहिते. हा खाना कधी तयार झाला? त्याआधी यातला माल कुठल्या खान्यात होता? आणि हा खाना वस्तूला नेमका कोणता प्रश्न विचारतो? विषय पिकांचा असो, आजारांचा असो की जातनिहाय आकड्यांचा, हे तीन प्रश्न तिथेही लागू पडतात. तुमच्या प्रपोजलमध्ये एखादा तक्ता असेल तर आजच विचारून बघा. व्हायव्हाला कुणी विचारण्याआधी स्वतः विचारलेलं बरं.