प्रोव्हायरस

रेट्रोव्हायरसने बाधित पेशीच्या डीएनएत कायमची बसवलेली आपली जनुकीय प्रत. एचआयव्ही हे रेट्रोव्हायरसांचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण.

एचआयव्हीच्या कणात आरएनएच्या दोन प्रती असतात, प्रत्येकी सुमारे ९,७०० अक्षरांची. पेशीत शिरल्यावर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर तो आरएनए वाचून डीएनए लिहिते. सुरुवात करायला लागणारा तुकडाही पेशीकडूनच उचललेला असतो. वाचून झालेला आरएनए लगोलग कापला जातो. डीएनएवरून आरएनए बनतो, उलटे होत नाही, असाच तोवर समज होता. १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे तो खोटा ठरवला. १९७५ च्या नोबेलमध्ये दोघेही होते. हे विकर लिहिलेले तपासत नाही. औषधांना न जुमानणारे वाण राहून गेलेल्या चुकांतूनच निपजतात.

डीएनए केंद्रकात पोचला की इंटिग्रेज हे विकर त्याच्या टोकांची दोन-दोन अक्षरे छाटते, गुणसूत्राला चीर देते आणि तिथे तो जोडते. उरलेली फट पेशीची दुरुस्ती यंत्रणाच बुजवते! सातबाऱ्यावर नाव चढावे तसे हे : पेशी दुभंगली की वारसाहक्काने दोन्हींत नोंद. पेशी जागी असेल तर या नोंदीवरून नवे विषाणू तयार होतात. रोगप्रतिकारक यंत्रणेच्या सुप्त स्मृतिपेशींत मात्र ती वर्षानुवर्षे गप्प राहते आणि तिथे एआरटीचे, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधांचे, काही चालत नाही. गोळ्या नवी नोंद थांबवतात, जुनी खोडत नाहीत. त्या बंद केल्या की बहुतेकांत काही आठवड्यांतच विषाणू परततो.

भारतात एचआयव्ही प्रथम आढळला १९८६ साली, चेन्नईत. तो शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन तिथल्याच मराठी कुटुंबातल्या, माहेरच्या गायतोंडे; रक्ताचे नमुने त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी गोळा केले होते. त्या वेळची चाचणी प्रतिपिंडांची होती. बाधित आईच्या बाळाला ती लावली तर फसगत होते, कारण आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत रेंगाळतात. म्हणून सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेला टोचतात, गाळणकागदावर छापलेल्या वर्तुळांत रक्ताचे थेंब घेतात आणि कागद वाळवून प्रयोगशाळेकडे धाडतात. बर्फ लागत नाही. पीसीआर चाचणीने त्या वाळक्या डागात प्रोव्हायरसचा डीएनए शोधता येतो. अठरा महिने उलटले की प्रतिपिंडांची चाचणी पुन्हा करतात.