मुलगा उशिरा बोलतो, मुलगी लवकर चालते; खरं काय?

समजा, मिरजेतल्या एका अंगणवाडीत वर्षाची दोन बाळं आहेत. दोघांचंही वजन भरलं साडेसात किलो. मुलगी ठीक, पण मुलगा कमी वजनाचा! ही चूक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या वाढीच्या तक्त्यांत दोघांचे आकडे वेगळे आहेत. वर्षाचा मुलगा ७.७ किलोच्या खाली गेला की कमी वजनाचा धरतात. मुलीसाठी ही रेषा ७ किलोवर आहे. त्यामुळे बाळाचं वजन योग्य तक्त्यावरच बघा.

चालण्याचं काय? भारतासह पाच देशांतली बाळं तपासली, तेव्हा मुलगा-मुलगी असा लक्षणीय फरक दिसला नाही. साधारण आठ ते अठरा महिन्यांत बाळ आधाराशिवाय चालतं.

बोलण्यात मुली सरासरीने किंचित पुढे असतात. पण याच सरासरीचा घरोघरी घोळ होतो. ‘मुलगाच तो, बोलेल उशिरा’ म्हणत तपासणी लांबते आणि ऐकू कमी येत असेल तर तेही लक्षात येत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही, तर मुलगा असो वा मुलगी, डॉक्टरांना दाखवा आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. ही तपासणी मोफत असते.