मिशनची पेटी आणि आपला विसावा हिस्सा



सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं आमचं अणदूर बाहेरच्या लोकांना खंडोबामुळे माहीत आहे. १४ एप्रिल होऊन गेला की आमच्याकडे दोन विषय हमखास निघतात. पहिला, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब. दुसरा, व्हॉट्सअॅपवर फिरत आलेला मजकूर : "मिशनरी परदेशी पैसा आणतात आणि गरिबांचा धर्म विकत घेतात." पहिल्या विषयावर आपण भांडतो. दुसऱ्यावर मात्र आपलीच पोरं माना डोलावतात.

आमचं म्हणणं असं की, हे दोन्ही विषय एकाच इतिहासाला जोडलेले आहेत. तो इतिहास वाचला असता तर पहिल्यावर भांडण झालं नसतं आणि दुसऱ्यावर मान डोलली नसती.

पैसा कुणाचा होता?

अमेरिकेत १८१० साली परदेशात मिशन पाठवण्यासाठी एक बोर्ड स्थापन झालं. त्याचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं झालं आणि पुढे १८६० च्या दशकात आपल्या शेजारच्या सोलापुरात. 'अमेरिकन मराठी मिशन' ते हेच. यामागे एखादा राजा किंवा सावकार होता अशी आपली समजूत असते. मोठे देणगीदार होतेच, पण मिशनचा रोजचा श्वास चालला तो सामान्य माणसांच्या नाण्यांवर.

पद्धत साधी होती. महिन्याच्या पहिल्या सोमवारी गावोगावच्या चर्चमध्ये मिशनसाठी प्रार्थनासभा भरायची. दूरदेशातून आलेली मिशनऱ्यांची पत्रं वाचून दाखवायची, त्या कामासाठी प्रार्थना करायची आणि मग पेटी फिरायची. 'मिशनरी हेरल्ड' नावाच्या त्यांच्या मासिकात ही पत्रं छापून यायची आणि कोणत्या गावातून, कुणाकडून किती रक्कम आली याच्या याद्याही यायच्या. १८६८ मध्ये बोस्टनला बायकांनी स्वतःचं वेगळं मिशन मंडळ काढलं आणि स्त्री मिशनऱ्यांचा खर्च उचलायला सुरुवात केली. सोलापुरात आजही वोरोनोको नावाची शाळा आहे. वोरोनोको हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका गावाचं नाव!

प्रार्थनेने आभाळातून पैसा पडला असं आम्ही म्हणणार नाही. आपण बुद्धाचे अनुयायी आहोत. पण दर महिन्याला एका ठरलेल्या दिवशी ठरलेल्या कामाची आठवण काढणारा माणूस त्या कामाला विसरत नाही. प्रार्थनेने माणूस बांधला गेला आणि बांधलेल्या माणसाने पेटीत नाणं टाकलं. हे समजायला आस्तिक असावं लागत नाही.

एका बाईने झोळी पसरली

आपल्या मातीतलंही उदाहरण आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःखावर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ते १८८७ मध्ये निघालं आणि त्याच्या विक्रीतून पैसा उभा राहिला. त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन झालं. त्यांच्या विधवागृहाला दहा वर्षं मदत देण्याचं त्याने ठरवलं आणि गावोगावी रमाबाई मंडळं निघाली. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढे दुष्काळात केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, तेही जगभर पाठवलेल्या पत्रांवर, प्रार्थनेवर आणि देणग्यांवर. काम काय, खर्च किती आणि झालं काय, हे सांगत राहायचं, ही त्यांची रीत होती.

मग बाबासाहेब काय म्हणाले?

इथे कुणी म्हणेल, तुम्ही मिशनचे गोडवे गाताय. नाही! १९३८ च्या जानेवारीच्या सुरुवातीला बाबासाहेब सोलापुरात, म्हणजे अणदूरपासून तासाभराच्या अंतरावर, भारतीय ख्रिस्ती समाजापुढे बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांबद्दल आदर सांगूनही त्यांनी समोरच्यांना खडे बोल सुनावले. दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात शिल्लक आहे. सामाजिक अन्यायाविरुद्ध ख्रिस्ती समाज लढला नाही. धर्म बदललेल्या महार मुलाची शिष्यवृत्ती गेली, हातात काही आलं नाही. मिशनांनी शाळा-दवाखान्यांवर ओतलेल्या पैशाचा मोठा लाभ कधीच ख्रिस्ती न होणाऱ्या वरच्या जातींनी घेतला, हेही त्यांनी अन्यत्र लिहून ठेवलं आहे.

बाहेरच्या पैशाची दुसरी अडचण मिशनमधल्याच माणसाने ओळखली होती. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा स्वतंत्र मार्ग धरला. पगार परदेशातून येत असेल तर धर्म आपला वाटत नाही, हा त्यातला अर्थ आम्हाला दिसतो.

पण टीका करून बाबासाहेब थांबले नाहीत. १९५० मध्ये बुद्धाच्या धर्माच्या भवितव्यावर लिहिलेल्या लेखात त्यांनी भिक्खू संघाला ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून शिकायला सांगितलं. शिक्षण आणि वैद्यकीय सेवा यांतून त्यांचा धर्म आशियात पसरला, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. जोतीराव फुल्यांनी याहून वेगळं काय केलं? ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, अहमदनगरला मिस फरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची शाळा काढली. ख्रिस्ती मात्र झाले नाहीत. पद्धत घेतली, ताबेदारी घेतली नाही.

१५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी प्रत्येकाने उत्पन्नाचा विसावा हिस्सा देण्याचा निश्चय करावा, असं सांगितलं. २२ प्रतिज्ञा आपल्याला पाठ आहेत. हा विसावा हिस्सा किती जणांना आठवतो?

तांदळाचं पोतं

"पोत्याभर तांदळासाठी धर्म सोडला" हा टोमणा आधी नगर-सोलापूरच्या ख्रिस्ती महार-मांगांना मारला गेला. १९५६ नंतर तोच "सवलतींसाठी बौद्ध झाले" असा आपल्याकडे वळला. खरं तर बौद्ध झाल्यावर सवलती गेल्या होत्या. अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना १९९० मध्ये जागा मिळाली आणि ख्रिस्ती दलितांना आजही नाही. मग विकला कोण गेला? अस्पृश्याला स्वतःचा विवेक असतो हेच ज्यांना मान्य नाही, त्यांनी रचलेला हा आरोप आहे. तो पुढे पाठवणारा आपला भाऊ स्वतःच्या आजोबांवरच शिंतोडे उडवतो.

आता आपण काय करायचं?

विसावा हिस्सा म्हणजे महिना बारा हजार कमावणाऱ्याने सहाशे रुपये. जड वाटत असेल तर पन्नासापासून सुरुवात करू. शंभर घरांनी दरमहा पन्नास रुपये दिले तर महिन्याला पाच हजार, वर्षाला साठ हजार होतात. एवढ्यात अभ्यासिका चालते, दोन-तीन मुलींची परीक्षा फी आणि पुस्तकं निघतात. डीजेच्या एका रात्रीत यातलं किती जातं, ते ज्याचं त्याने मोजावं.

आमची सूचना अशी : दर पौर्णिमेला विहारात वंदना होतेच. वंदनेनंतर दहा मिनिटं ठेवा. ज्या मुलांना मदत दिली त्यांनी उभं राहून आपल्या अभ्यासाबद्दल चार वाक्यं सांगावीत. मग पेटी फिरवा. पैसे तिथेच सगळ्यांसमोर मोजा आणि जमा-खर्च विहाराच्या फळ्यावर नावानिशी लिहा. ज्याचे दहा रुपये आहेत त्याचंही नाव लिहा. मिशनच्या यादीत छोट्या रकमाही छापल्या जात होत्या, म्हणून छोटी माणसं पुढच्या महिन्यात परत येत होती.

येत्या पौर्णिमेपासून अणदुरात ही पेटी ठेवायचं आम्ही ठरवलं आहे. तुमच्या गावात कधी ठेवताय?

जय भीम! नमो बुद्धाय!